भिकुबाईची सही

बाई लिहीत होती. एवढंच. धुळ्याच्या पोस्टातल्या डिंकाने चिकट झालेल्या फळीवर कोपर टेकवून, दोरीला बांधलेलं पेन हातात धरून ती आंतर्देशीय पत्रावर लिहीत होती, आणि रांगेत उभ्या असलेल्या कुंदाच्या काळजात धस्स झालं. कारण ह्याच बाईने सकाळी साडेअकराला बँकेत अंगठा दिला होता. कुंदाच्या डोळ्यांदेखत दिला होता. तेच हिरवं लुगडं, तीच कपाळावर गोंदलेली तीन टिंबं, आणि पत्राचा कागद दाबून धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर बँकेच्या पॅडची निळी शाई अजून तशीच. बाईने पत्ता लिहिला. अडखळत नाही, कुणाला विचारत नाही, गोल गोल अक्षरात, चौथी पास झालेल्या मुलीसारखा स्वच्छ. मग कडा जिभेने ओली करून पत्र मिटलं, पेटीत टाकलं, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात निघून गेली. मागचा माणूस म्हणाला, "ओ ताई, सरका ना पुढं," तेव्हा कुंदाला कळलं की आपण खिडकीपाशी नुसत्याच उभ्या आहोत. तिने काहीच घेतलं नाही आणि ती बाहेर आली. पाचव्या गल्लीपर्यंत, मावशीच्या घरापर्यंत, ती एकच प्रश्न चघळत चालली: जिला लिहिता येतं ती बाई अंगठा का देईल? आणि कुणाच्या सांगण्यावरून देईल?

ब्याण्णव सालचा मे महिना होता. कुंदा तोताराम झोपे जळगावची, एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपवून आलेली. कॉलेजने त्या वर्षी टूम काढली होती की वाणिज्यच्या मुलांनी उन्हाळ्याचे दोन महिने बँकेत प्रत्यक्ष काम करावं. जळगावातल्या जागा ज्यांचे काका-मामा संचालक होते त्यांनी पटकावल्या आणि कुंदाच्या वाट्याला धुळ्याची ही शाखा आली. शेवटी मॅनेजरच्या सहीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. काम काय, तर नमुना सह्यांची जुनी, कडा कुरतडलेली कार्डं नव्या कार्डांवर उतरवायची आणि दुपारी काउंटरवर पितांबरनानांच्या शेजारी बसून शिकायचं. शिकायचं म्हणजे बघायचं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, पंख्याखाली फडफडणारे कागद, आणि नाना. नाना म्हणजे बँकेतले सगळ्यांत जुने कारकून, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेले. तपकिरीची डबी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण मूर्ख आहोत की काय असं वाटावं. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, "नाव झोपे, आणि डोळे हे असे टक्क. जमायचं कसं बाई तुमचं?" सगळे हसले. कुंदा नाही हसली.

डोळे टक्क होते हे मात्र खरं. लहानपणापासून होते. कुंदा आठवीत असताना तिच्या वडिलांना, शाळेत कारकून असलेल्या तोतारामभाऊंना, आठ महिने घरी बसवलं होतं. फीच्या पावत्यांत काहीतरी घोळ होता म्हणे. आठ महिन्यांनी परत घेतलं, त्याच खुर्चीवर बसवलं, त्यावर कुणी काही बोललं नाही. शाळेतही नाही आणि घरात तर नाहीच. आई लताबाई त्या आठ महिन्यांत शेजारणींकडे हळदीकुंकवालाही गेली नाही, पण घरात मात्र वरणात मीठ कमी की जास्त एवढंच बोलणं. वडिलांनी पैसे घेतले होते का नव्हते, हे कुंदाला आजतागायत माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. म्हणून ती बघत राहिली. वडील बाजारातून आले की पिशवीकडे बघायची, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशाकडे बघायची, नवी छत्री आली तर ती कुठून आली ह्याचा मनातल्या मनात हिशेब मांडायची. तिला ह्या बघण्याची लाज वाटे आणि तरी ते सुटत नसे. नाना नोटा मोजण्याआधी स्पंजच्या ओल्या वाटीत बोटं बुडवायचे, अगदी वडिलांच्या लकबीने, मधलं बोट जरा वर उचलून. ते दिसलं की कुंदा कार्डांत तोंड घालायची, आणि परत तिकडेच बघायची.

आता पोस्टातल्या त्या पत्रानंतर तिला नानांचं सगळंच दिसू लागलं. अंगठेवाल्या बायका त्यांच्याच खिडकीशी येतात. दुसरी खिडकी रिकामी असली तरी रांग नानांचीच. नाना बायकांशी मराठीत नाही, त्यांच्या अहिराणीत बोलतात, खालच्या आवाजात. आणि अंगठा घेताना बाईचा हात स्वतः धरतात. पॅडवर दाबतात, कागदावर टेकवतात, खाली लिहितात, 'ठसा माझ्यासमोर दिला', आणि स्वतःची सही ठोकतात. म्हणजे अंगठाही त्यांनीच दाबलेला आणि साक्षही त्यांचीच! आणि ह्या बायका येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. कुणी शेंगा आणते, कुणी पपई. टेबलाखाली नानांची कापडी पिशवी असते, ती सकाळी चपटी आणि दुपारी फुगलेली. कुंदाने वहीच्या शेवटच्या पानावर तारखा टाकायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी कोण आली, काय आणलं. ती वही ती दप्तरात सगळ्यांत खाली ठेवायची आणि रात्री उशाखाली. मावशी म्हणाली, "पोरी, काय परीक्षा-बिरीक्षा आहे का अजून?" कुंदा म्हणाली, हो.

बाईचं नाव तिने कार्डावरून शोधून काढलं. भिकुबाई वना गिरासे, शिंदखेडा तालुका. नवरा रेल्वेत गँगमन होता, कामावर असतानाच वारला, त्याचे फंडाचे पैसे ह्या खात्यात आलेले. सत्तावीस हजार. सहीच्या रकान्यात डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शेजारी नानांच्या अक्षरात एक शब्द: निरक्षर. निळ्या शाईत, ठाम, खाली रेघ मारून. कुंदाने तो शब्द कितीतरी वेळ पाहिला. एवढी ठाम रेघ कशाला लागते माणसाला? जे खरं असतं त्याच्याखाली कुणी रेघ मारतं का? तिच्या मानेवर घाम आला होता आणि कूलरचं वारं त्यावर थंडगार लागत होतं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला आनंदच झाला. इतकी वर्षं बघत बसलेल्या डोळ्यांना एकदाचं काहीतरी सापडलं होतं.

पुढच्या सोमवारी भिकुबाई आली ती एकटी नव्हती. बरोबर मुलगा होता. धनसिंग त्याचं नाव, पंचविशीचा, पांढरा शर्ट, बोलायला आदबशीर. त्याला जीप घ्यायची होती, शिंदखेडा ते धुळे प्रवाशांची वडाप मारायला. ते तो सगळ्यांना सांगत होता, कुंदालाही सांगितलं, "ताई, एकदा गाडी रस्त्याला लागली की आईला बसून खाता येईल बघा." पंधरा हजारांची स्लिप त्याने स्वतः भरली होती. भिकुबाईने अंगठा दिला. नानांनी ठसा पाहिला, कार्ड पाहिलं, चष्मा वर केला, परत पाहिलं आणि स्लिप मागे सारली. "जुळत नही, अक्का. पुढला सोमवारले ये." धनसिंग म्हणाला, "नाना, आईचाच अंगठा आहे, आई तुमच्यासमोर उभी आहे!" नाना म्हणाले, "उभी शे ते दिसी राह्यनं. ठसा जुळत नही त्याले मी काय करू?" आणि तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. भिकुबाई खाली मान घालून लुगड्याला शाई पुसत राहिली. कुंदा शेजारी बसून बघत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. साध्या डोळ्यांनी अंगठा जुळतो की नाही हे सांगणारा हा कोण मोठा! चार रेघा आणि एक डाग, त्यात ह्याला काय दिसलं? मुलाने नोट सरकवावी म्हणून हा खेळ चालला आहे, नाहीतर कशासाठी? धनसिंगने काही सरकवलं नाही, तो आईला घेऊन निघून गेला. तीन दिवसांनी भिकुबाई एकटी आली, दोनशे रुपये मागितले, अंगठा दिला, जुळला. जाताना टेबलावर शेंगांची पुरचुंडी ठेवून गेली.

कुंदा पाठोपाठ बाहेर धावली. बँकेच्या पायरीवर तिने भिकुबाईला गाठलं. "अक्का, तुम्हाला लिहिता येतं ना? मी पोस्टात पाहिलं तुम्हाला." भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, हे कुंदाने तेव्हाच ठरवून टाकलं. "तू कोननी पोर शे व?" भिकुबाईने विचारलं. "मी जळगावची. इथे शिकायला आहे. अक्का, तुम्हाला कुणी अंगठा द्यायला सांगितलं असेल तर घाबरू नका. मला सांगा." भिकुबाईने आजूबाजूला पाहिलं. पानवाला होता, एक सायकलवाला होता. "शिकाले शे ना?" ती म्हणाली, "मंग शीक." आणि गेली. झालं! घाबरलेली बाई दुसरं काय म्हणणार? कुंदाने ते वाक्यसुद्धा वहीत लिहिलं, आणि समोर लिहिलं: दबावाखाली.

रविवारी ती एस.टी.ने जळगावला घरी गेली. दुपारी वडील ओट्यावर पेपर वाचत होते. का कोण जाणे, तिला सगळ्यांत आधी त्यांनाच सांगावंसं वाटलं. तिने सगळं सांगितलं: पत्र, अंगठा, रेघ मारलेला शब्द, न जुळणारा ठसा, शेंगा. सांगताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि आपण का बघतोय हे तिला चांगलं ठाऊक होतं. एक पापणी जरी हलली असती तरी तिने ती टिपली असती. वडिलांनी पेपर खाली केला आणि एवढंच म्हटलं, "त्या माणसाला विचारलंस का?" "काय विचारायचं त्याला? तो खरं सांगणार आहे?" "नसेल सांगत. पण विचारलंस का?" वडिलांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची अजून एक घडी घातली आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. आतून आई म्हणाली, "चहा टाकला होता त्यांचा. कुठे गेले?" कुंदाला त्यांचा राग आला. चोराला चोराचीच कणव, असा एक विचार मनात येऊन गेला आणि त्या विचाराने ती इतकी दचकली की परतीच्या गाडीत एरंडोल येईपर्यंत तिला रडू आवरेना. आणि तरी सोमवारी सकाळी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलीच.

मॅनेजर रतिलाल शहा वही वाचताना खूश होत गेले. नानांवर त्यांचा राग होता की नव्हता कोण जाणे, पण जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम जोरात होती आणि अंगठ्याची खाती कमी करा असं वरून पत्र आलेलं होतं. त्यांना हे आयतंच मिळालं. "शाब्बास! पुस्तकी पोरं येतात नि जातात. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत," ते म्हणाले. नानांना त्याच दिवशी काउंटरवरून उठवून मागच्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. कार्डावर खोटी नोंद केली म्हणून चौकशी होईपर्यंत रोखीच्या कामाला हात लावायचा नाही. भिकुबाईला बोलावणं गेलं. ती आली, केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसली. शहासाहेबांनी तिच्यापुढे नवं कार्ड आणि पेन ठेवलं, म्हणाले, "आजी, तुम्हाला सही येते आणि तुम्ही अंगठा देता? लाज नाही वाटत? करा बघू." भिकुबाईने कुंदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कुंदा हसली, धीर द्यायला. भिकुबाईने सही केली. गोल गोल, स्वच्छ, पूर्ण नाव. शहासाहेबांनी टाळी वाजवली आणि शिपायाला चहा सांगितला. भिकुबाईने चहा घेतला नाही. तिला उपास होता म्हणे.

नानांच्या खोलीत कुंदाला जुनी कार्डं ठेवायला जावंच लागे. चार दिवस दोघं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी नानाच म्हणाले, तोंड फायलीतच, "झोपेबाई, एक सांगू? सहीचं खातं असलं की चेकबुक मिळतं. चेक घरी बसून लिहिता येतो, कुणालाही पाठवता येतो. अंगठ्याला चेकबुक नाही. अंगठेवाल्या माणसाला स्वतः इथवर यावं लागतं, पासबुक घेऊन, दर खेपेला. नियमच आहे तसा. कळलं का?" "तो नियम निरक्षर माणसांसाठी आहे," कुंदा म्हणाली. "हो ना. म्हणून तर." नानांनी फायलीचं पान उलटलं. "अक्का आपणहून आली की डावा अंगठा देते. कुणी ढकलून आणली की उजवा. कार्डावर डावा आहे. उजवा जुळत नाही, जुळायचाच नाही. मी म्हणतो, पुढच्या सोमवारी या. अशा अकरा बाया आहेत ह्या शाखेत. दोघींना माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं." कुंदाने कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. काय पण रचून सांगतो आहे हा म्हातारा! चार दिवस मिळाले, बसून गोष्ट तयार केली. "मग हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?" "सांगून? अकरा जणींची नावं द्यायची?" "आणि शेंगा?" तिने विचारलं. नानांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "शेंगा खातो मी," ते म्हणाले. "त्या खातो."

शेंगा खातो! कबूलच केलं की. कुंदा जागेवर येऊन बसली आणि तिने स्वतःला पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शेंगा घेणारा नोटाही घेतो. पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. मावशीने विचारलं, ऊन बाधलं का? ती म्हणाली, असेल. खरं तर ऊन-बिन काही नव्हतं. नाना खरं बोलले असतील तर काय, हा विचार तिला शिवत होता, आणि तो शिवला की ती त्याला झटकून टाकत होती. कारण ते खरं असेल तर मग ती पायरीवरची नजर भीतीची होती, पण नानांच्या भीतीची नव्हती. तर मग ती कुणाला भ्यायली होती? आणि मग त्या आठ महिन्यांचं काय? तिने आजवर ज्यांच्याकडे बघितलं त्या सगळ्यांचं काय? हा गुंता नको होता तिला. एक माणूस चोर निघाला तर सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धनसिंग आला. हातात चेक होता. चेकबुक त्याने आईच्या सहीचा अर्ज देऊन आधीच नेलं होतं, ते कुंदाला माहीत नव्हतं. चेक एकोणीस हजारांचा, धारकास द्यावे, खाली सही. खात्यात होते एकोणीस हजार अकरा. नानांच्या जागी शहासाहेबांनी तात्पुरतं कुंदालाच बसवलं होतं, सह्या पडताळायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. तिने कार्ड काढलं. चेक शेजारी ठेवला. भिकुबाई वना गिरासे. भ-ची गाठ, क-चा उकार, वनातल्या न-चा लांबलेला काना. तिने अक्षर न् अक्षर पाहिलं. धनसिंग म्हणाला, "ताई, तुमचे फार उपकार झाले. त्या म्हाताऱ्याने दीड वर्ष फिरवलं मला." आणि तो मनापासून बोलत होता. त्याच्या आवाजात कुठे लबाडी नव्हती, आणि कुंदाला लबाडी ऐकू येत नाही असं कधी झालं नव्हतं. तिला एक क्षण वाटलं, म्हणावं, आईंना घेऊन या. म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण कशाच्या आधारावर? सही तर जुळत होती, तंतोतंत. न जुळणारी असती तर तिने हजार जणांना अडवलं असतं. जुळणाऱ्या सहीवर संशय कसा घ्यायचा हे तिला येत नव्हतं. तिने चेकच्या मागे लिहिलं, सही जुळते, आणि आपली आद्याक्षरं टाकली.

भिकुबाई आली ती पुढच्या सोमवारी. एकटी. नानांच्या खिडकीशी आली आणि तिथे कुंदाला बघून थबकली, पण मागे फिरली नाही. पासबुक पुढे केलं. "कितला ऱ्हायनात?" कुंदाला आकडा माहीत होता. तरी तिने खातं काढलं, पान उलटलं, बोट ठेवलं, कारण तेवढा वेळ तिला हवा होता. "अकरा रुपये, अक्का." भिकुबाईने मान हलवली. तिला ते माहीतच होतं, फक्त बँकेच्या तोंडून ऐकायचं होतं. "तुम्हीच केली का सही?" कुंदाने विचारलं, आणि विचारताना तिने देवाची आळवणी केली की बाईने नाही म्हणावं, मुलाने खोटी केली म्हणावं, म्हणजे पुन्हा कुणीतरी चोर होईल. "मीच करी," भिकुबाई म्हणाली. "पोऱ्या समोर बठेल व्हता. कर म्हने. पोटना पोऱ्याले नही कशी म्हनू, माय? आंगठा व्हता तवय सांगता ये, बँकवाला मानत नही. भांडन बँकसंगे व्हये. घरमा नही." ती हे रागाने बोलत नव्हती. एखाद्या अडाणी मुलीला समजावून सांगावं तसं सांगत होती. "सही तर माले पहिलेपासून येस. एकच दाव करी व्हती. मना भाऊसनी तालुकाले लई जाईसन वावरना कागदवर लिधी. लुगडं दिधं. सही करी आन् तवयपासून मी माहेरले पाव्हनी व्हयी गऊ. तवयच ठरावं, परत नही." कुंदाला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. "अक्का, माझं चुकलं," ती म्हणाली. भिकुबाईने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून दहाच्या पाच नोटा काढल्या. शेंगा फोडायला जात होती ती आता, रोजाने. "माले नवं खातं उघाडनं शे," ती म्हणाली. "आंगठावालं."

कुंदाने केबिनकडे पाहिलं. शहासाहेब फोनवर होते, काचेतून त्यांचा हात तेवढा हलताना दिसत होता. शेजारच्या खिडकीतला कारकून चलनं लावत होता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत नाना होते. जाऊन विचारावं का त्यांना? काय विचारणार? ज्या माणसाला एका शब्दासाठी तिने तिथे नेऊन बसवलं होतं, त्याला तो शब्द कसा लिहायचा ते विचारणार? उद्या कुणी विचारलं की ह्या बाईचं सहीचं खातं असताना हे दुसरं कुठून आलं, तर खाली नाव कुणाचं असेल हे तिला कळत होतं. प्रमाणपत्राला पंधरा दिवस राहिले होते. पण खरं सांगायचं तर तिला प्रमाणपत्राची भीती वाटत नव्हती. तिला भीती वाटत होती ती भिकुबाईची, जी खिडकीशी उभी राहून तिच्या हाताकडे बघत होती. तिच्याकडे असं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. ती बघणारी होती.

तिने खणातून कोरा अर्ज काढला. नाव, गाव, वय पंचावन्न. खाली छापलेलं होतं: खातेदार साक्षर / निरक्षर, नको तो शब्द खोडावा. कुंदाचं पेन तिथे थांबलं. अर्ज भिकुबाईच्या बाजूने उलटा होता. तरी तिने मान जरा तिरकी केली आणि ते दोन शब्द वाचले. कुंदाने तिला वाचताना पाहिलं. मग कुंदाने पहिल्या शब्दावर रेघ मारली, एकदा मारली ती पुसट वाटली म्हणून परत मारली. खाली लिहिलं, ठसा माझ्यासमोर दिला, आणि त्याखाली पूर्ण नाव, कुंदा तोताराम झोपे. शाईचं पॅड उघडून पुढे सरकवलं.

भिकुबाईने डावा हात पुढे केला. अंगठा तिने स्वतः टेकवला नाही. तो तसाच हवेत धरून ती थांबून राहिली, कुंदाने धरावा म्हणून.